मावशीची एकुलती एक तक्रार

आमच्या जिन्यात अशी बातमी आहे की माझ्या मावशीने परगावच्या एका बड्या हॉटेलात मॅनेजरला रडवलं. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्याला आख्खा मासा फेकून मारला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या काकूंच्या हकिगतीत मासा नाही, खेकडा आहे, आणि तो जिवंत आहे. मावशीच्या ऑफिसातला शिपाई तर छातीवर हात ठेवून सांगतो, "बाईंनी नुसतं बघितलं हो त्याच्याकडे. नुसतं बघितलं! खलास." यांच्यापैकी तिथे कुणीही नव्हतं. मी होते, मावशीच्या अगदी शेजारच्या खुर्चीवर, तोंडात अर्धा बटाटा घेऊन.

मॅनेजर रडला हे खरं. कडक इस्त्रीच्या नॅपकिनात नाक शिंकरून रडला हेही खरं. पण मावशी त्याला एका शब्दानेही रागावली नव्हती. तिने त्याला काय केलं हे कळायचं असेल तर आधी ती दिवसभर काय करते ते कळायला हवं.

मावशी पाणीपुरवठा ऑफिसात तक्रारखिडकीवर बसते. मी जन्मले तेव्हाही ती तिथेच बसत होती आणि आई म्हणते की तिचं स्वतःचं लग्न ठरत होतं तेव्हाही ताई तिथेच बसत होती. मावशीने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणते, "दिवसभर गावाच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन आणखी एकाच्या? जमायचं नाही." ती आमच्याच मजल्यावर समोरच्या खोलीत राहते आणि जेवते आमच्याकडे, त्यामुळे मला तिच्या आवाजाचा अभ्यास करायला लहानपणापासून भरपूर वाव मिळाला.

खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक भोक. तेही इतकं खाली की तक्रार करणाऱ्याला कंबरेत वाकून, मान तिरकी करून, त्या भोकाशी तोंड न्यावं लागतं. आत मावशी. माणूस येतो तो तावातावाने. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गढूळ आलं तर त्यात काहीतरी पोहतंय. मावशी मान डावीकडे कलती करते, पेनाचं टोपण काचेवर टक्टक वाजवते आणि म्हणते, "बोला, काय त्रास आहे?" त्या 'बोला'मध्ये असं काही तूप असतं की समोरचा एकदम बोलायलाच लागतो. मावशी मधून मधून "हं", मग "अगं बाई!", मग पुन्हा "हं". नळावरून गोष्ट सासूवर जाते, सासूवरून मणक्यावर. शेवटी मावशी म्हणते, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी वर कळवते." माणूस डोळे पुसतो, आभार मानतो आणि हलक्या पावलांनी घरी जातो. घरी गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की नळाला पाणी नाही.

ही सगळी नक्कल मी टोपणासकट करते. कुणाच्या वाढदिवसाला केक कापून झाला की लोक मला खुर्चीवर बसवतात आणि ओरडतात, "खिडकीवाल्या बाई! खिडकीवाल्या बाई!" मावशी स्वतः मागे उभी राहून बघते आणि म्हणते, "मान आणखी थोडी कलती कर, कार्टे."

यंदा ती निवृत्त व्हायची होती. त्याआधी आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मावशी आणि मी, समुद्राकाठच्या एका गावी फिरायला गेलो. मावशीची एकच इच्छा होती. दातांच्या डॉक्टरांकडे वाट बघताना तिने एका मासिकात एका हॉटेलाचा फोटो पाहिला होता. काचेच्या भिंतीपलीकडे समुद्र, अलीकडे पांढरं टेबल, टेबलावर मासा. "शेवटच्या संध्याकाळी तिथे जेवायचं," तिने जाहीर केलं. "माझ्याकडून."

त्या दिवशी सकाळी लॉजमधलं गरम पाणी गायब होतं. मावशी खांद्यावर टॉवेल टाकून तरातरा काउंटरवर गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती हळुवार चेहरा करून.

"काय झालं? गरम पाणी?" आईने विचारलं.

"अगं, त्या काउंटरवाल्याच्या गुडघ्याची वाटी सरकलीये. बिचारा जिना चढू शकत नाही. मुलगा बघत नाही त्याच्याकडे."

"ताई, पाणी!"

"पाण्याचं काय... त्याचं म्हणणंही बरोबर आहे," मावशी म्हणाली आणि थंड पाण्याने अंघोळ करून दात वाजवत बाहेर आली.

मी पलंगावर लोळून हसले. "मावशी, तुला तक्रार करताच येत नाही! तू फक्त घेऊ शकतेस."

एरवी तीही हसली असती. या वेळी ती केस पुसायची थांबली. "का येणार नाही? आयुष्यभर लोक माझ्यासमोर येऊन करतात ती मला येणार नाही?"

"नाहीच येणार."

"एकदा करायचीये मला," ती म्हणाली. टॉवेल तिने मांडीवर नीट घडी करून ठेवला. "रिटायर व्हायच्या आत एकदा. मी बोलायचं आणि समोरच्याने ऐकायचं. काचेच्या त्या बाजूला कसं वाटतं ते मला ठाऊकच नाही गं."

तिचा आवाज इतका साधा होता की मला त्याची नक्कल सुचली नाही. म्हणून मी पैज लावली. ट्रिप संपायच्या आत मावशीने एक पूर्ण तक्रार करायची. ज्याची जबाबदारी आहे त्याच्या तोंडावर, न हसता, "राहू दे हो" न म्हणता. जमलं नाही तर तिच्या निरोपसमारंभात मोठ्या साहेबांसमोर मी तिची पूर्ण नक्कल करणार, 'वर कळवते'सकट. जमलं तर मी तिच्या निरोपसमारंभापर्यंत कुणाचीही नक्कल करायची नाही. कुणाचीही म्हणजे कुणाचीच.

"अन्याय आहे," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हिच्याकडे स्वतःचा असा आवाज कुठे आहे? बोलणार कशी ही?"

संध्याकाळी आम्ही हॉटेलात पोचलो. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती. दारात काचेच्या टाकीत मासे फिरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आत येणाऱ्यांबद्दल स्पष्ट सहानुभूती होती. आमचं काचेजवळचं टेबल राखून ठेवलेलं होतं. ते होतंही. त्यावर दुसरे लोक जेवत होते.

"आपल्यासाठी आम्ही अधिक निवांत जागा काढली आहे," वेटर म्हणाला. हातात पांढरे मोजे, नाकात आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी असा थांबा की जणू मागे कुणी बासरी वाजवणार आहे. निवांत जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला खेटून. दार उघडलं की मावशीच्या खुर्चीला धडक. समुद्र आमच्या पाठीमागे होता, पण समोरच्या आरशात त्याचा कोपरा दिसत होता.

"बघा, दिसतोय की," बाबा म्हणाले. बाबा असे आहेत. जहाज बुडायला लागलं तरी म्हणतील, चला, पोहायला मिळालं.

"पाणी कोणतं आणू? शांत की चैतन्यमय?" हातमोज्यांनी विचारलं.

"पिण्याचं," आई म्हणाली.

ते आलंच नाही. आयुष्यभर पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या बाईला त्या टेबलावर शेवटपर्यंत पेलाभर पाणी मिळालं नाही.

मग सूप आलं. चमचे आले नाहीत. चमचे येईपर्यंत हातमोज्यांनी आम्हाला सूप समजावून सांगितलं. "हे सूप आपल्याला लाटेच्या पहिल्या स्पर्शाची आठवण करून देईल..." बासरीसाठी थांबा. "शेफनी यात शांतता वापरली आहे." सूप समजेपर्यंत गार झालं. त्यात शांतता होती हे मात्र कबूल केलं पाहिजे, दुसरं काहीही नव्हतं. मावशीने पहिला चमचा तोंडाशी नेला, दार आलं, धाडकन. लाटेचा पहिला स्पर्श ठेवणीतल्या साडीला झाला.

"ताई, सांग ना आता," आई दातांतल्या दातांत म्हणाली.

मावशीने पदर झटकला, पाठ ताठ केली. "अहो, ऐका."

हातमोजे वळले. "बोला मॅडम." आणि वळताना त्यांनी एक पाय किंचित उचलला.

झालं. मावशीची मान डावीकडे कलायला लागली. मला ती कलताना दिसत होती.

"बूट लागतायत का?" मावशीने विचारलं.

हातमोज्यांचा नाकातला आवाज गायब झाला. "नवे आहेत हो. भाड्याने दिलेत. टाच सोलून निघालीये."

"अगं बाई! कापूस घाला मागे."

मी टेबलाखालून मावशीला अंगठा दाखवला. तिने माझ्याकडे न बघता माझ्या पायावर पाय दिला.

खेकडा आला. तो फोडायचं हत्यार आलं नाही. बाबांनी आधी काटा वापरून बघितला, मग मिठाची बाटली, मग शेजारच्या टेबलाकडे पाठ करून दात. शेवटी त्यांनी नांगीवर मूठ मारली. नांगी उडाली आणि थेट मुख्य दाराजवळच्या टाकीत जाऊन पडली. मासे तिच्याभोवती गोळा झाले. ओळखीचं कुणी असावं.

आणि मग तो मासा आला, मासिकातला. ताट पालखीएवढं, मासा तळहाताएवढा, वर तीन हिरवे थेंब, कडेला बटाटे. मावशीने हात जोडल्यासारखे केले, काटा घातला आणि एक घास घेतला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने घास गालात ठेवला, हलवला, परत जागेवर आणला.

"कसाय?" बाबांनी विचारलं.

"आत बर्फ आहे," मावशी म्हणाली. चिडून नाही. लहान मूल फुगा फुटल्यावर सांगतं तसं.

इतक्यात दाराने पुन्हा धडक दिली आणि त्यातून मॅनेजर बाहेर पडला. काळा सूट, गुळगुळीत भांग, टाय असा घट्ट की चेहरा टायने वर ढकलल्यासारखा. तो टेबलाशी थांबला आणि हसला. हसू तयार होतं, बहुतेक सकाळीच लावून ठेवलं असावं.

"सगळं छान ना? जेवण कसं वाटलं?"

आईने मावशीला कोपराने ढोसलं. बाबा आरशातला समुद्र बघायला लागले. मी तोंडातला अर्धा बटाटा चावायची थांबले, कारण हीच ती वेळ होती. याहून जबाबदार माणूस मिळणार नव्हता आणि याहून वाईट मासाही.

मावशीने काटा खाली ठेवला. घसा साफ केला. मॅनेजरच्या डोळ्यांखाली काळं होतं, सूटचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं. मावशीने ते बघितलं. तिचा हात आपोआप काट्याकडे गेला, काटा पेल्यावर वाजला, टक्टक, मान डावीकडे पडली आणि तिच्या तोंडून निघालं,

"बोला, काय त्रास आहे?"

मी बटाटा गिळायची विसरले.

मॅनेजरचं हसू आधी जागच्या जागी गोठलं. मग एका बाजूने निसटलं. त्याने मागे बघितलं, छताकडे बघितलं, पलीकडची रिकामी खुर्ची ओढली आणि बसला.

"शेफ दुपारी निघून गेला," तो म्हणाला.

"हं."

"मालकांशी भांडून. जाताना मदतनीसांनाही घेऊन गेला. आत आता फक्त भांडी घासणारा आहे. मासा त्यानेच केलाय. त्याने आयुष्यात मासा केला नव्हता."

"अगं बाई!"

"मालक कॅमेऱ्यातून बघतात. मी हसलो नाही की फोन येतो. घरी गेलं तरी गालांना सैल सोडता येत नाही. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही कुणाला हसताय..." आणि त्याने आमचा नॅपकिन उचलला. इस्त्रीवाल्यांना सांगायला हवं की मासा फेकला असता तर तो माणूस इतका नक्कीच रडला नसता.

हातमोजे लंगडत आले, मॅनेजरला बघून दचकले आणि तेही उभे राहून नाक ओढायला लागले. आई हळूहळू कपाळ दाबत होती. बाबांनी मॅनेजरला उरलेला खेकडा देऊ केला.

"तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे," मावशी म्हणाली. "मी वर कळवते."

वर म्हणजे कुठे, देव जाणे. वर छत होतं.

मी बोटांनी हवेत लिहून दाखवलं, 'पैज'. मोठ्या साहेबांसमोरची माझी खुर्ची मला दिसायला लागली होती. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. खेळात हरल्यावर पडतो तसा नाही. लॉजच्या पलंगावर टॉवेलची घडी करताना जो होता, तो चेहरा आणखी थोडा म्हातारा झाला. मी हात खाली घेतला.

मॅनेजर उठला. भांग सारखा केला, टाय वर ढकलला, चेहरा जागेवर आणला. "मॅडम, तुमच्याशी बोलून फार हलकं वाटलं. काही लागलं तर नक्की सांगा हं," तो म्हणाला आणि वळला. त्याने झुलतं दार ढकललं. ते आत गेलं, आणि परत आलं, धाडकन, मावशीच्या खुर्चीवर.

"थांबा," मावशी म्हणाली.

ती उभी राहिली. मग तिने जे केलं ते मी मेले तरी विसरणार नाही. तिने एक हात टेबलावर टेकला, कंबरेत वाकली, मान तिरकी केली आणि डोळे वर करून मॅनेजरकडे बघितलं. समोर काच नव्हती, भोक नव्हतं. पण तक्रार करताना माणूस कसा उभा राहतो हे तिने जन्मभर एकाच बाजूने बघितलं होतं, आणि तिला वाटत होतं की तक्रार अशीच करायची असते.

"मासा आत गोठलेला आहे," ती वाकूनच म्हणाली. "सूप गार होतं. पाणी मागून माझा घसा सुकला. राखून ठेवलेलं टेबल तुम्ही दुसऱ्यांना दिलंत. हे दार आल्यापासून माझ्या पाठीत बसतंय. आणि त्या मुलाच्या टाचा सोलून निघाल्यात, त्याला दुसरे बूट द्या. मी समुद्र बघत मासा खायला आले होते. समुद्र मला आरशात दाखवलात आणि मासा मला खाता आला नाही. मला वाईट वाटलंय."

शेवटचं वाक्य तिने काटा ठेवावा तसं टेबलावर ठेवलं. आजूबाजूच्या टेबलांवर चमचे थांबले. ती हसली नाही. "राहू दे हो" म्हणाली नाही.

मॅनेजरने मान कलती केली. डावीकडे. "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मॅडम," तो तुपाळ आवाजात म्हणाला. "मी वर कळवतो."

मावशी तशीच वाकलेली राहिली. "वर म्हणजे कुणाला?"

त्याने छतातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"मग पुढे काय होतं?"

तो टायच्या गाठीशी खेळायला लागला. हे प्रश्न लोक मावशीलाही रोज विचारत असणार आणि तीही तेव्हा टोपणाशी खेळत असणार.

"हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"ट्रेनिंगमध्ये, मॅडम."

"मला कुणी शिकवलं नाही," मावशी म्हणाली आणि सरळ झाली. "माझं मीच शोधून काढलं. काय घाणेरडं वाक्य आहे हो! मासा घेऊन जा."

मासा आत गेला. बऱ्याच वेळाने परत आला. या वेळी ताट इतकं तापलेलं होतं की बाबांचं बोट चुर्र झालं. मासा होता तसाच होता.

परतीच्या टॅक्सीत बसताच मी भांडायला सुरुवात केली. "ही काय तक्रार झाली? काही झालं का पुढे? मासा गारच्या गारच आला!"

"पैज तक्रार करायची होती," मावशी म्हणाली. "पुढे काही होण्याची नव्हती. पुढे काही होण्यावर पैज लावायला मी काय खुळी आहे? जन्म गेला माझा त्या खिडकीत."

बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "ताई जिंकल्या." आई म्हणाली, "साफ जिंकली." टॅक्सीवाल्याने काही विचारलं नव्हतं, तरी तोही म्हणाला, "बरोबर आहे बाईंचं."

खिडकीतून खराखुरा समुद्र दिसत होता, फुकट. मग मागच्या सीटवर अंधारातून नाकातला एक आवाज आला. "शेफनी यात शांतता वापरली आहे..." आणि नेमका तितकाच थांबा, बासरीसाठी. आई किंचाळून हसली. मावशीने पुढे बाबा केले, खेकड्यावर मूठ मारणारे. मग मॅनेजर केला, चेहरा टायने वर ढकललेला. माझी सगळी मेहनत, टाकीतल्या माशांपासून टाचेपर्यंत सगळं, जे मी आल्यापासून मनात घोटून ठेवलं होतं, ते तिने एकेक करून माझ्यादेखत वापरून टाकलं. टॅक्सीवाल्याला तर गाडी बाजूला घ्यावी लागली.

आणि शेवटी तिने मला केलं. खांदे वर, हनुवटी पुढे, 'स' जरा जास्त ओला, "मावशी, तुला तक्रार करताच येत नाही!"

हुबेहूब होतं. इतकं हुबेहूब की मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि घशाशी तिचाच आवाज आलेला पाहून, पैज आठवून, परत मिटलं.